कडी हरवली तेव्हा

डिसेंबर 1995. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर, माझ्या स्वतःच्या दुर्बिणीतून मी पहिल्यांदा शनी पाहिला. त्याला कडीच नव्हती.

ऑक्टोबरातल्या खग्रास सूर्यग्रहणाचं वारं अजून उतरलं नव्हतं. त्याच वर्षी मी आरसा घासला होता. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. एक चकती पिंपावर पक्की बसवायची, दुसरी तिच्यावर घासायची आणि पिंपाभोवती फिरत राहायचं. तीन महिने प्रदक्षिणा घातल्यावर काचेला खोली आली ती मध्यभागी जेमतेम 1.2 मिलिमीटर! मग पॉलिश, मग ॲल्युमिनियमचा मुलामा. नळी पीव्हीसी पाइपची, दुय्यम आरशाला तोलणारे पाय हॅकसॉच्या पात्यांचे. इतकं करून शनी दिसला तो पिवळसर गोळीसारखा.

“शनीवर नेम धरून बसलास, मग बिघडणारच,” आजी म्हणाली. तिला साडेसातीची काळजी, मला आरशाची. दोष आपल्याच कामात आहे अशी माझी खात्रीच पटली होती. रात्रीच दुर्बीण उघडली. आरसा डळमळत असेल म्हणून त्याला धरणाऱ्या तिन्ही क्लिपा आवळल्या. मागचे तिन्ही स्क्रू फिरवले. पुन्हा आकाशाकडे लावली, तर आता प्रत्येक तारा तिकोनी दिसायला लागला. नसलेला बिघाड दुरुस्त करता करता मी खरा बिघाड करून ठेवला होता.

टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेचं काम चालतं. 1944 साली सुरू झालेली ही संस्था. तिथल्या एका ज्येष्ठ निरीक्षकांपुढे मी गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी एकच विचारलं, “शेजारचा तारा पाहिलास का?” नव्हता पाहिला. तारा आधी गोल दिसत असेल तर दुर्बीण ठीक आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि तारा तिकोनी झाला, कारण तीन क्लिपांनी काच दाबली गेली होती. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकेल एवढी फट हवी, एवढंच ते म्हणाले.

कड्यांचं कोडं त्यांनी मग उलगडलं. शनी सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो. त्याची कडी कललेली असल्यामुळे त्या काळात दोनदा ती आपल्याला कडेवरून दिसतात. रुंदी पावणेतीन लाख किलोमीटर, जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच. शिवाय त्या डिसेंबरात आपल्याकडे त्यांची उजेड न पडलेली बाजू होती. 1612 मध्ये गॅलिलिओचीही अशीच फसगत झाली होती. 1610 मध्ये शनीच्या दोन बाजूंना दिसलेले त्याचे ‘सोबती’ गायब झाले, तेव्हा त्यालाही आपल्या भिंगांनीच दगा दिला की काय, अशी शंका आली. कड्यांचा खरा उलगडा हायगेन्सने केला, तो 1659 मध्ये.

त्यानंतर दुर्बीण किती वेळा उघडली, याचा हिशेब नाही. दर पावसाळ्यानंतर काहीतरी निघतंच. एका वर्षी आयपीसच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली, तेव्हापासून ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात राहतं. आरसा धुवायला बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणतो. साबणाचा एक थेंब, ओला कापूस, आणि तोही न दाबता, त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरवायचा. मुलामा दोनदा नव्याने द्यावा लागला. पाइप तोच आहे. क्लिपांखालची फट आजही कागदानेच मोजतो.

नोव्हेंबर 2025 मध्ये एक फेरी पुरी करून शनी जवळपास त्याच जागी, कुंभ आणि मीन राशींच्या सीमेपाशी आला. आता गच्ची सोसायटीची आहे, दिव्यांचा झगमगाट आहे. मुलगी आयपीसला डोळा लावून म्हणाली, “बाबा, बिघडलीय ही. कडी कुठायत?” तिचा हात स्क्रूकडे गेलासुद्धा. मी तो धरला नाही. “शेजारचा तारा बघ,” एवढंच म्हणालो. तारा गोल होता. मग ती पुन्हा शनीकडे वळली आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “दोन्ही बाजूंना सुईसारखं काहीतरी आहे.”

पुढची वेळ 2038-39 मध्ये येईल. तेव्हा तुमच्या गच्चीवर शनी बिनकड्यांचा दिसला, तर स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवा. आधी शेजारचा तारा बघा.