यंत्राचा श्वास

तरुणांचे छंद हा वडीलधाऱ्यांच्या काळजीचा विषय असतो. परंतु कांहीं छंदांत विद्येचा अंश मोठा असतो, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. इंग्लंडांत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें व त्याच्या सोळा वर्षांच्या मुलानें दोन वर्षें खपून घरच्या घरीं एक स्पोर्ट्‌स मोटार जुळविली. धाटणी कॉलिन चॅपमन यांनीं १९५७ सालीं काढलेल्या ‘लोटस सेव्हन’ची. एरवीं ह्या बापलेकांत चार शब्दांपलीकडे बोलणें नसे. म्हणून त्या गाडीचें आम्हांस महत्त्व.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही तेथें असतां, इंजिनाला हवा कोठून द्यावी यावरून दोघांत वाद पेटला. मुलाला बाजारांतील चकचकीत, शंकूच्या आकाराची गाळणी इंजिनाशेजारीं उघडीच बसवावयाची होती. तिचा आवाज त्याला रुबाबदार वाटे. बाप म्हणे, ती तापलेली हवाच ओढील. गोष्ट अबोल्यापर्यंत गेली, तेव्हां निवाडा आमच्याकडे आला. न्यायशास्त्रांत पहिलें प्रमाण प्रत्यक्ष. तेव्हां तापमापक लावा, एवढेंच आम्हीं सांगितलें.

बाहेर हवा २० अंश सेल्सियस असतां, गाडी गर्दींतून हळू फिरवून आणल्यावर त्या गाळणीपाशीं ५० अंश भरले! दाब तोच धरला तर ही हवा बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें ९ टक्के विरळ. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते; श्वास विरळ झाला कीं जोर घटणारच. मुलगा म्हणाला, “पण आजोबा, वेगानें जातांना हवा आपोआप आंत कोंबली जाईल कीं!” आम्हीं त्यालाच हिशेब करावयास लाविला. ताशीं १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याच्या धडकेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनहि कमी निघाला. म्हणजे त्या वेगाला खरा लाभ धडकेंत नव्हे, गारव्यांत.

मग दोघांनीं मिळून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी केली, गाळणी तींत बसविली आणि कडांना रबर लावून बॉनेटशीं असलेली फट बुजविली. नळी गाडीच्या नाकाशीं, रेडिएटरच्या पुढें नेली. कारण रेडिएटरमागची हवा त्याची उष्णता घेऊन येते. वळणें सौम्य ठेविलीं. नळीचें तोंड रस्त्यालगत मात्र येऊं दिलें नाहीं. पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत शिरल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. पेटीच्या तळाला निचऱ्यासाठीं भोंकहि पाडलें.

पुन्हां मोजलें तों पेटींत २४ अंश! आवाज तेवढा मवाळ झाला, याचें मुलाला क्षणभर वाईट वाटलें. पण दुसऱ्याच दिवशीं तो शेजाऱ्याला सारी रचना समजावून देत होता, आणि एका आकड्याशीं अडतांच त्यानें “बाबा” अशी हांक मारली.

घरांतील वडील मंडळींनीं छंदाच्या खर्चाचा हिशेब अवश्य विचारावा, मात्र त्याआधीं, “हें चालतें कसें?” एवढें विचारून पाहावें. उत्तर पुष्कळदां लांबतें, आणि तेवढा वेळ मूल आपल्याजवळ बसतें.