सायकलची खुर्जी

घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या दोन्ही अंगांस लोंबणाऱ्या पिशवीला आपल्याकडे खुर्जी म्हणत. घोडे गेले, मामलेदारांच्या फिरतीवरचे तंबू गेले, परंतु तालुक्याच्या कचेरीत उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या जिभेवर तो शब्द कसा कोण जाणे चिकटून राहिला, आणि सेवानिवृत्तीनंतर वैद्यांच्या आग्रहावरून मी सायकल घेतली तेव्हा तिच्या सीटखाली अडकवलेल्या वीतभर लांबीच्या काळ्या पिशवीला मी बिनदिक्कत तेच नाव देऊन टाकले. या खुर्जीत दोन प्रकारच्या जखमांची तजवीज असते: एक सायकलच्या आणि दुसऱ्या सायकलवरच्या मनुष्याच्या. रबराचे ठिगळ आणि जखमेची पट्टी, घासकागद आणि जाळीचे कापड, अशी ही परस्परांशी काहीही नाते नसलेली मंडळी धर्मशाळेतल्या उतारूंप्रमाणे तेथे दाटीने नांदतात.

दूरदृष्टीने म्हणून यातला एकही जिन्नस आत आला नाही, हे कबूल केले पाहिजे. प्रत्येकाने आधी अर्ज केला, तोही रक्ताने, आणि मग तो दाखल झाला. चिमटा आला तो बाभळीचा काटा तळहातात रुतून दोन दिवस ठणकल्यानंतर; ताणपट्टी आली ती वणीच्या चढावर एका सोबत्याचा घोटा मुरगळला आणि त्याच्या पायाला माझा गळ्यातला पंचा बांधावा लागला तेव्हा; आणि जलसंजीवनीच्या पुड्या आल्या त्या चैत्रातल्या एका दुपारी, जेव्हा ऊन डोक्यात शिरून डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि रस्त्याकडेच्या वडाखाली मी अर्धा तास कोणा हठयोग्यासारखा निश्चल पडून होतो. शहाणा मनुष्य यादी करून सामान घेतो असे म्हणतात. माझी यादी सामानाच्या मागून तयार झाली.

दिंडोरीहून वणीकडे पहाटे निघावे. गाव मागे पडते, कादवेच्या पात्रावरून थंड वाफ वर येत असते, दोन्ही बाजूंस द्राक्षांचे मांडव लागतात, आणि उत्तरेस सप्तशृंगीची रांग प्रथम नुसती एक काळी रेघ, मग निळी, मग सूर्य वर आल्यावर कडेकपाऱ्यांसह अशी हळूहळू आकार घेत जाते. आश्विनात गोड्या बहाराच्या छाटणीचे दिवस असले म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांनी खचाखच भरलेल्या पिकअप गाड्या अंधारातच धावू लागतात. थंडीत त्यांच्या जोडीला उसाच्या ट्रॉल्या येतात. मजूर, ऊस, द्राक्षे, देवीचे भक्त आणि माझ्यासारखा एखादा निरुद्योगी सायकलस्वार, या सर्वांची वहिवाट एकाच डांबरी पट्ट्यावरून असल्यामुळे तेथे खरचटणे ही अपघाताची नव्हे, नित्याची बाब आहे.

पौषातल्या एका सकाळी लखमापूर फाट्याच्या अलीकडे कोणत्याशा ट्रॉलीतून गळून पडलेल्या उसाच्या कांडावरून माझे पुढचे चाक निसटले आणि मी डाव्या कोपरावर आपटलो. शिरस्त्राण होते म्हणून डोके वाचले. कोपराची कातडी मात्र दोन रुपयांच्या नाण्याएवढी नव्हे, चांगली तळहाताएवढी सोलून निघाली आणि तिच्यात बारीक खडी रुतून बसली. चष्मा कोठे गेला ते कळेना. तोच शेजारच्या मांडवातून साठीच्या घरातली एक मजूरबाई धावत आली. "बाबा, उठू नका, बसा जरा," असे तिने फर्मावले आणि मी दाखवल्याप्रमाणे खुर्जीची चेन ओढून आतले सगळे सामान पदरात ओतले.

येथवर सर्व शास्त्रोक्त झाले. आता त्या पदरात दोन नळ्या होत्या, दोन्ही करंगळीएवढ्या, दोहोंवर बारीक इंग्रजी अक्षरे. एकीत आयोडीनचे मलम, दुसरीत पंक्चर जोडण्याचे सोल्युशन. "यातलं कोणतं लावू?" तिने विचारले. ज्याने आयुष्यभर इतरांच्या सात-बारातील चुका काढल्या त्या मी बिनचष्म्याच्या डोळ्यांनी एका नळीकडे बोट केले आणि निःशंकपणे सांगितले, "ती." तिने टोपण काढले, नळी नाकाशी नेली आणि तोंड वाकडे केले. "हे काही अंगाला लावायचं न्हाई, बाबा. याला पेट्रोलचा वास येतोय." मग दोन्ही नळ्या बाजूस ठेवून तिने आपल्या बाटलीतले पिण्याचे पाणी धार धरून माझ्या कोपरावर ओतले, खडी निघेपर्यंत ओतत राहिली, जाळीचे कापड ठेवले आणि मोळीला घालतात तशी पक्की गाठ मारली. पुढे डॉक्टरांनी ती पट्टी सोडताना एवढेच विचारले, "धुतली कोणी? छान धुतली आहे." मला तिचे नाव विचारायचे राहून गेले होते.

त्या दिवसापासून माझ्या मनाने एक गोष्ट घेतली. खुर्जी आपण आपल्या हातासाठी भरतो, परंतु ऐन वेळी ती उघडतो परकाच हात. स्वतःचे कोपर स्वतःला बांधता येत नाही. आपल्या जिल्ह्याचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू 2015 साली अमेरिकेचे एक टोक ते दुसरे टोक अशी सुमारे 4,800 किलोमीटरांची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पुरी करून आले. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. दोघेही पेशाने डॉक्टर. तरी अशा रस्त्यावर एकाचे कोपर सोलले तर पट्टी दुसऱ्यानेच बांधावी लागणार. याला अपवाद म्हणून एकच वस्तू मला ठाऊक आहे: 1920 साली अर्ल डिक्सन नावाच्या गृहस्थाने, स्वयंपाकघरात सदा बोटे कापून घेणाऱ्या आपल्या पत्नीला आपल्या गैरहजेरीत एकटीला लावता यावी म्हणून केलेली चिकटपट्टी, जिला आपण आज बँडेड म्हणतो. पण ती बोटापुरती. बोटाच्या पलीकडे दुखापत गेली की माणूस लागतो.

म्हणून मी खुर्जीची फेरमांडणी केली. सायकलचे औषध आणि मनुष्याचे औषध यांची वाटणी झाली. दुसऱ्याला तांबड्या कापडाची स्वतंत्र थैली मिळाली. तिच्यात ठळक मराठी अक्षरांत एक चिठ्ठी आहे: आधी पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर जाळी ठेवून दाबून धरा, सारखे उचलून पाहू नका, मग माझा रक्तगट आणि घरचा दूरध्वनी. त्रिकोणी पट्टीची घडी सर्वांत वर असते, कारण पुढे हात टेकून पडणाऱ्या सायकलस्वाराचे गळ्याजवळचे हाड मोडते आणि त्या हाताला झोळीच लागते. ती झोळी बांधायला मला शाळेत असताना बालवीर पथकात शिकवली होती. पीटर शेपर्ड नावाच्या लष्करी शल्यवैद्याने 1878 साली इंग्लंडात वुलिच येथे साध्या नागरिकांना असले धडे देण्यास आरंभ केला आणि पुढल्याच वर्षी झुलू युद्धात तो मारला गेला, हे मला उतारवयात कळले.

काय ठेवावे यापेक्षा काय ठेवू नये यावर आमच्या पारावर अधिक वाद होतात. एक गृहस्थ एकदांडीच्या पाल्याचे कट्टर पुरस्कर्ते. बांधावरचा पाला चुरगाळून रस पिळला की रक्त थांबते असा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव. दुसरे हळदीचे, तिसरे चुन्याचे. बांधावरच्या पाल्याबरोबर बांधावरची मातीही जखमेत जाते, असे मी नम्रपणे म्हणतो आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली ते विचारतो; मग विषय बदलतो. सापासाठी काय ठेवता, असेही विचारतात, कारण बागांत उंदीर आणि उंदरांमागे घोणस ही येथली रीतच आहे. सापासाठी खुर्जीत काहीही नाही. कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही; मनुष्याला निजवायचे, हलू द्यायचे नाही आणि रुग्णालय गाठायचे, कारण प्रतिविष तेथेच मिळते. त्यासाठी 108 हा क्रमांक पुरे. ती रुग्णवाहिका 2014 पासून आपल्या राज्यात आहे.

आणखी एक भय लोकांच्या मनात आहे, आणि कचेरीतला मनुष्य म्हणून ते मी समजू शकतो: जखमीला हात लावला की फौजदार येणार, पंचनामा होणार, जबानीला हेलपाटे पडणार. किती माणसे या भयापोटी मान फिरवून पुढे गेली असतील! मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134-अ हे कलम दाखल झाले आणि सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालणार नाही असे ठरले. त्या मजूरबाईला हे कलम ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

खुर्जी खरी रिकामी होते ती नवरात्रात. गडावर देवीपुढे ज्योत पेटवून ती आपल्या गावच्या मंडपापर्यंत अनवाणी धावत नेणारी पोरे या रस्त्याने येतात. उतरत्या उन्हात डांबर तापलेले, तळव्यांना फोड. फोड फोडू नये, धुवून झाकावा, एवढे मी सांगतो. "आबा, लवकर करा, ज्योत थांबत नाही," असे म्हणत पोर एका पायावर उभे असते आणि तोवर त्याचा जोडीदार ज्योत घेऊन पन्नास पावले पुढे गेलेला असतो. गेल्या नवरात्रात चौथ्या माळेलाच माझ्या पट्ट्या संपल्या.

तेव्हा दिंडोरी-वणी रस्त्यावर पांढऱ्या मिशांचा, तांबडी थैली लावलेला सायकलस्वार दिसला तर खुशाल हात करून थांबवावे. जाळी मागा, पट्टी मागा, साखर मागा. कापूस तेवढा मागू नका; त्याचे तंतू जखमेला चिकटतात, म्हणून तो मी ठेवत नाही.