अळंबीच्या गावी

केनेट स्क्वेअर जवळ आल्याचे डोळ्यांआधी नाकाला कळते. मोटारीच्या काचा बंद असल्या तरी कुजलेल्या गवताचा आणि घोड्याच्या लिदीचा दर्प आत शिरतो. लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. ती डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे राहते. तेथून पेनसिल्व्हेनियातले हे छोटे गाव अवघ्या अर्ध्या तासावर आहे. सातवा महिना सरत आला होता, त्यामुळे लांबचा प्रवास नकोच होता. "आई, अळंबीची जत्रा बघायला जाऊ या," असे तीच म्हणाली.

तिला या जत्रेचे एवढे अगत्य का, हे मला आदल्या दिवशीच उमगले होते. फ्रिजचा एक कप्पा तळहाताएवढ्या तपकिरी पोर्टोबेल्लोंनी भरलेला होता आणि ओट्याच्या कोपऱ्यात बी-१२ च्या गोळ्यांची बाटली होती, सीलही न फोडलेली. लेक जन्मापासून शाकाहारी. दुसऱ्या महिन्यातल्या तपासणीत तिचे बी-१२ कमी आढळले होते. "अगं, गोळीने मळमळतं. आणि मश्रूममध्ये सगळं असतं, बी-१२ सुद्धा," तिने सांगितले. मी गप्प राहिले. आई रागावलेली आणि डॉक्टर धास्तावलेली, अशा दोघी एकदम बोलू लागल्या की मुले कोणाचेच ऐकत नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

केनेट स्क्वेअर स्वतःला जगाची अळंबी-राजधानी म्हणवते. या परिसरात, म्हणजे चेस्टर परगण्यात, अमेरिकेतील निम्म्याच्या आसपास अळंबी पिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम स्वेन नावाचा एक फुलविक्रेता येथे काचगृहात कार्नेशनची फुले वाढवीत असे. फुलांच्या फळ्यांखालची अंधारी जागा वाया जाते, हे पाहून त्याने तेथे अळंबी लावली. पुढे तिच्यासाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेला बिनखिडक्यांच्या, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या त्या लांबट इमारती आजही दिसतात. आत एकावर एक वाफे असतात आणि मजूर, बहुतांशी मेक्सिकोतून आलेले, कपाळावर दिवा बांधून हाताने तोडणी करतात. या व्यवसायात खताच्या व बुरशीच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराला वैद्यकात अळंबी-कामगारांचेच नाव आहे. पाठ्यपुस्तकात वाचलेला तो विकार ज्या मातीतला, तेथे आपण उभे आहोत, या जाणिवेने मी क्षणभर थबकले.

जत्रा सप्टेंबरात स्टेट स्ट्रीटवर भरते. तळलेली अळंबी, अळंबीचे सूप, इतकेच काय, अळंबीचे आइस्क्रीमसुद्धा! (ते मी चाखले, पुन्हा चाखणार नाही.) एका मंडपात वाढीचे टप्पे मांडून ठेवले होते. गव्हाचे काड, लीद आणि कोंबडीखत कुजवून, वाफेने निर्जंतुक करून त्यावर बीज पेरतात आणि वर पीट-मातीचा थर देतात. नवल हे, की आपल्या भाजीवाल्याकडे मिळणारी पांढरी बटण अळंबी आणि हे भलेथोरले पोर्टोबेल्लो यांची जात एकच. तपकिरी वाणाची अळंबी आणखी काही दिवस वाफ्यावर राहू दिली, की तिची छत्री उघडते, खालचे काळसर पडदे दिसू लागतात, पाण्याचा अंश घटतो आणि चव गडद होते. तेच पोर्टोबेल्लो.

लेकीशी बोलायची संधी मला त्या मंडपातच मिळाली. आधी मी तिच्या आवडीचे कौतुक केले आणि ते खोटे नव्हते. शंभर ग्रॅम पोर्टोबेल्लोत जेमतेम बावीस कॅलरी असतात, सोडियम नगण्य आणि पोटॅशियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर. सेलेनियम, तांबे आणि नायसिन हेही चांगल्या प्रमाणात मिळते. मुळात चव खमंग असल्याने मीठ कमी घालूनही पदार्थ अळणी वाटत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांना मी अळंबी सुचवते ती याच कारणासाठी. (मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पोटॅशियममुळे आधी विचारून घ्यावे.)

"मग बी-१२?" तिने विचारले.

"शंभर ग्रॅममध्ये सुमारे ०.०५ मायक्रोग्रॅम. तुला रोज २.६ हवेत. हिशेब तूच कर."

ती अभियंता आहे, हिशेब तोंडीच झाला. "पाच किलो?"

"रोज."

ती हसली, मग हसू ओसरले. बाळाच्या मेंदूची आणि मज्जातंतूंची घडण बी-१२ वर किती अवलंबून असते, हे मी तिला सांगितले. घाबरवण्यासाठी नव्हे, पण काही लपवलेही नाही. प्रथिनांचेही तसेच. पोर्टोबेल्लोला शाकाहाऱ्यांचे मटण म्हणतात, परंतु शंभर ग्रॅममध्ये दोनच ग्रॅम प्रथिने असतात. वाटीभर घट्ट वरण त्याहून कितीतरी सरस. आणि तेथे सॅलडमध्ये कच्चे काप वाढत होते, ते मी तिला घेऊ दिले नाहीत. अळंबी नेहमी नीट शिजवूनच खावी.

परतताना तिने गाडीतूनच आपल्या प्रसूतितज्ज्ञांच्या दवाखान्यात निरोप ठेवला. दोन दिवसांनी रक्त तपासले. पातळी आणखी खाली गेली होती. गोळीऐवजी इंजेक्शने सुरू झाली आणि मळमळीचा प्रश्नच उरला नाही.

पोर्टोबेल्लो अर्थात बंद झाले नाहीत. एका गुणाबद्दल मी तिला आवर्जून सांगितले होते: अळंबीतील अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले, की त्याचे ड जीवनसत्त्व बनते. अंधारात वाढलेल्या अळंबीत ते जवळजवळ नसते. पण काप करून दुपारच्या उन्हात तासभर ठेवले, तर भरपूर तयार होते. दुसऱ्या दिवशी तिने ताटभर काप गॅलरीत उन्हात मांडले. अर्ध्या तासाने पाहिले, तर कठड्यावर बसून एक खार त्यांतला मोठासा काप दोन्ही हातांत धरून खात होती.