आमचा खोकला

नाव, गाव आणि व्यवसाय यांवरून माणसाची ओळख पटावी, असा जगाचा साधारण प्रघात आहे. आमची ओळख मात्र आमच्या खोकल्यावरून पटते. शाळेच्या जिन्यावर आमचे पाऊल पडण्यापूर्वीच आमचा खोकला वर पोहोचतो आणि आठवीच्या वर्गातील गलबला आपोआप शांत होतो. शिपायाला घंटेचा जितका उपयोग, तितकाच आम्हांला खोकल्याचा, असे आमचे एक सहकारी विनोदाने म्हणतात. वाचकहो, विषय फारसा शोभिवंत नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जो तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या सोबत राहिला, त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांला असावा.

आम्ही पाच वर्षांचे असताना आम्हांला गोवर निघाला आणि त्याच्या पाठोपाठ न्यूमोनिया झाला. गोवराची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ पासून आहे. पण आमच्या वेळी घरात आजोबांचे मोठे आजारपण होते आणि त्या धावपळीत आमची तारीख हुकली. ताप उतरला, पुरळ मावळले. डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी असलेल्या श्वासनलिका मात्र कायमच्या रुंदावल्या. डॉक्टर याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. मराठीत श्वासनलिकाविस्फार म्हणता येईल. पुढे सीटी स्कॅनचे चित्र पाहिले, तेव्हा रुंदावलेली नलिका आणि तिला लागून असलेली बारीक रक्तवाहिनी अशी जोडी खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसली. छातीत इतक्या अंगठ्या बाळगणारा शिक्षक विरळाच!

फोंडे तालुक्यात ज्या मुलांच्या घरी कुळागर आहे, त्यांना हा विकार समजावून सांगण्यास सायास पडत नाहीत. पोफळींना पाणी नेणारा पाट अरुंद आणि स्वच्छ असतो तोवर पाणी खळाळत जाते. एके ठिकाणी काठ ढासळून पाट रुंद झाला की प्रवाह मंदावतो, पाने आणि गाळ साचतो, साचलेले कुजू लागते. श्वासनलिकांच्या आतील अंगाला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. कफ सतत वर ढकलीत राहणे हे त्यांचे काम. नलिका बिघडली की ते तंतूही निकामी होतात. मग कफ साचतो, त्यात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे नलिकेची भिंत आणखी ढासळते. औषधाने ती पूर्ववत होत नाही. पाट रोज उपसावा लागतो, इतकेच.

हा विकार काही नवा नव्हे. १८१६ साली पॅरिस येथे रेने लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आमच्या विकाराचे वर्णन आढळते. दुसऱ्यांच्या छातीचे गूज आयुष्यभर ऐकणारा हा मनुष्य १८२६ साली स्वतः क्षयाने गेला.

क्षय! हा शब्द आमच्या मागे सावलीसारखा आहे. त्यात लोकांना सर्वस्वी दोष देता येत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातील या विकाराच्या २१९५ रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांना तो पूर्वी होऊन गेलेल्या क्षयामुळे जडला होता. आमचा कफ क्षयासाठी अनेकदा तपासला गेला आणि प्रत्येक वेळी निर्दोष ठरला. परंतु तपासणीचा कागद काही गळ्यात अडकवून हिंडता येत नाही. चार वर्षांपूर्वी गावात कुजबुज सुरू झाली. एका पालकांनी मुलाला दुसऱ्या तुकडीत घालून घेतले. आम्हांला वर्गाऐवजी ग्रंथालयाचे काम द्यावे, असेही कोणी सुचविल्याचे कानी आले. ज्याची भाकरी आणि ज्याचा आनंद दोन्ही वर्गातच आहेत, त्याला त्या दिवसांत झोप कशी लागावी?

अशात एका विद्यार्थिनीची आजी सरळ शाळेत आली आणि तिने सर्वांदेखत विचारले, "मास्तर, तुमची खोंकली भुरग्यांक लागची ना मूं?" तिच्याविषयी आम्हांला आजही आदर वाटतो, कारण पाठीमागे बोलणारे पुष्कळ होते, तोंडावर विचारणारी ती एकटी. आम्ही म्हणालो, "ना आजी, लागची ना. उलट भुरग्यांची सर्दीच म्हाका लागता." मग तिला अहवाल वाचून दाखविला. तिला अक्षरओळख नव्हती; तरी शिक्का कोठे आहे, हे तिने बोट ठेवून पाहून घेतले. गावातील कुजबुज मुख्यत्वे तिच्यामुळेच ओसरली, असा आमचा समज आहे.

आमचा दिवस पहाटे पाचला उजव्या कुशीवर निजून सुरू होतो. अशाने बिघडलेले डावे फुफ्फुस वर येते आणि कफ मोठ्या नळीकडे ओघळतो. प्रथम यंत्रातून मिठाच्या पाण्याचे तुषार ओढून घ्यावयाचे. पावसाळ्यात वीज गेली की हे यंत्र मुके होते, आणि गोव्यातील पावसाळ्यात वीज कधी जाते हे सांगणे नलगे. मग काही संथ श्वास, तीन-चार दीर्घ श्वास क्षणभर रोखून, आणि शेवटी चष्म्याच्या काचेवर वाफ सोडावी तसा जोराचा हुंकार. वीस मिनिटांत काम होते. संध्याकाळी पुन्हा तेच. कफाचा रंग रोज पाहावा लागतो. शिष्ट वाचकांनी क्षमा करावी, पण पंचांगातील तिथीपेक्षा आम्हांला तो रंग अधिक महत्त्वाचा. पांढरट असेल तर दिवस आमचा. कफ वाढला, घट्ट किंवा हिरवा झाला, धाप आणि थकवा वाढला आणि हे दोन दिवस टिकले, तर डॉक्टरांकडे जावयाचे. रक्ताची रेघ दिसली तर लगेच कळवावयाचे. रक्त अधिक पडले तर थेट रुग्णालय गाठावयाचे.

गेल्या श्रावणात नेमके तसेच झाले. वर्गात सर्दीची साथ होती; पुस्तकांच्या कपाटाला बुरशीचा वास येत होता. आम्ही पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेतो. पण सर्दीचे विषाणू अनेक, आणि सर्वांवर लस नाही. तिसऱ्या दिवशी कफ हिरवा झाला. डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी कफाचा नमुना तपासणीस घेतला. आधीच्या वेळच्या गोळ्या औषधवाल्याकडून परस्पर आणण्याचा सल्ला देणारे हितचिंतक याही खेपेस भेटले. तपासणीचा अहवाल आला तो स्यूडोमोनास या ओलाव्यात रमणाऱ्या जंतूचा, आणि त्या जुन्या गोळ्या त्याच्यावर मुळीच चालणाऱ्या नव्हत्या. औषध बदलले. मुदत चौदा दिवसांची.

नवव्या दिवशी आम्ही शाळेत गेलो. वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या होत्या, फळा ओल्या फडक्याने पुसलेला होता, आणि सर्दी झालेली चार मुले तोंडाला रुमाल लावून खिडकीजवळच्या बाकावर स्वतः होऊन बसली होती. हे कोणी शिकवले, ते कोणी सांगेना. शिकवताना मध्येच उबळ आली. पूर्वी अशा वेळी मागच्या बाकावर खुसखुस होई. त्या दिवशी मुले स्तब्ध बसली, आणि उबळ थांबली तेव्हा पहिल्या बाकावरील मुलीने आमचे वाक्य कोठे तुटले होते, ते हळूच सांगितले.

मधल्या सुट्टीत तीच मुलगी आजीने दिलेला कसाय घेऊन आली. धने, जिरे, मिरी आणि गूळ. त्याने रुंदावलेली नलिका आकसत नाही. घसा तेवढा शेकला जातो. आम्ही पेला रिकामा करून परत दिला आणि उरलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. तेराव्या दिवशी कफ पांढरा दिसला. चौदाव्या दिवसाची गोळीही आम्ही घेतली आणि पंधराव्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा उजव्या कुशीवर निजलो.