राजधान्या पाठ होत्या

भूगोल शिकवणाऱ्या माणसाची नकाशावर श्रद्धा असते. माझीही होती, आणि ती बरीच वर्षं टिकली. माणसं एकमेकांना हिणवतात ती अज्ञानापोटी, असं माझं ठाम मत होतं. मिझोराम कुठे, मणिपूर कुठे, ब्रह्मपुत्रा कुठे वळण घेते हे ज्याला ठाऊक आहे, तो रस्त्यातून जाणाऱ्या इंफाळच्या मुलीला 'ए चिनी' म्हणणार नाही. तेव्हा पोरांना नकाशा नीट शिकवा, बाकीचं आपोआप होईल. स्टाफरूममध्ये यावरून मी पुष्कळ वाद घातले आणि बरेचसे जिंकलेही.

हे मत काही हवेतून आलं नव्हतं. ऑगस्ट २०१२ मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या काही मुलांना मारहाण झाली. आसाममधल्या दंगलींचा सूड इथे उगवला जाणार, अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या आणि बंगळूर, पुण्यातून माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. बंगळूरहून गुवाहाटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने एसएमएसवर मर्यादा घातली, दिवसाला पाच. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या मुलांना एवढंच कळत होतं, की 'ते लोक' परत चाललेत. ते म्हणजे कोण, कुठले, आसामचा आणि नागालँडचा काय संबंध, काही पत्ता नाही. अज्ञान समोर दिसत होतं आणि अज्ञानावरचं औषध माझ्या हातात होतं.

मग २९ जानेवारी २०१४ ला दिल्लीत लाजपतनगरच्या बाजारात निडो तानियाच्या केसांवरून टिंगल झाली. अरुणाचल प्रदेशातला विशीच्या आतबाहेरचा मुलगा, केस रंगवलेले. टिंगलीवरून बाचाबाची, बाचाबाचीवरून मारहाण, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. केंद्र सरकारने एम. पी. बेजबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने त्याच वर्षी अहवाल दिला. भारतीय दंड संहितेत १५३ सी आणि ५०९ ए अशी दोन नवी कलमं घाला, ही तिची शिफारस गाजली. ती कलमं काही आली नाहीत. पुढे दंड संहिताच गेली आणि तिच्या जागी न्याय संहिता आली. पण मला त्या अहवालातली दुसरी शिफारस आवडली होती: ईशान्येचा इतिहास आणि संस्कृती शालेय पुस्तकांत आणा. मी जे इतकी वर्षं घसा फोडून सांगत होते ते आता सरकारी कागदावर आलं, म्हणून मी खुशीत होते.

मग मी कामाला लागले. व्हरांड्यात मोठा नकाशा लागला. राणी गाइदिनल्यू कोण होत्या, यावर भित्तिपत्रक निघालं. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी 'ईशान्य महोत्सव' भरू लागला. त्यात मोमो असायचे (ते खरं तर तिबेट-नेपाळकडून आलेले, पण हे लक्षात घेणारं कोणी नव्हतं) आणि आमच्या कॉलेजात असतील तेवढी तिकडची मुलं पारंपरिक वेशात उभी असायची. आणि ईशान्य भारतावर आंतरवर्गीय प्रश्नमंजूषा. ती माझी विशेष लाडकी.

अशाच एका वर्षी प्रश्नमंजूषेत पहिला आलेला मुलगा एफवायचा होता. हुशार, वाचणारा, बोलायला आर्जवी. इटानगर, दिसपूर, इंफाळ, शिलाँग, ऐजॉल, कोहिमा, गंगटोक, आगरतळा, आठही राजधान्या त्याने एका दमात म्हटल्या होत्या. त्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी चहा घेत बसले होते आणि शेजारच्या टेबलावर तो त्याच्या वर्गातल्या मणिपूरच्या मुलीशी बोलत होता. हिंदीत, अगदी मैत्रीच्या सुरात. नागालँडमध्ये २०२० मध्ये कुत्र्याच्या मांसावर बंदी आली होती ना? मग आता हायकोर्टाने उठवली. म्हणजे आता परत चालू असणार. तुमच्याकडे काय सीन आहे? तू खाल्लंयस का कधी? खरं सांग, आम्ही कोणाला सांगणार नाही.

टेबलावरची मुलं हसली. ती मुलगीही हसली. मग तिने सामोशाचे दोन तुकडे केले आणि ते तसेच ठेवून बराच वेळ फोन बघत राहिली.

मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की त्याने सांगितलेली एकूणएक माहिती बरोबर आहे. बंदीचं वर्ष बरोबर, कोर्टाचा निकाल बरोबर, नागालँड आणि मणिपूर ही वेगळी राज्यं आहेत हेही त्याला पक्कं ठाऊक. अडाणी माणसाने एकच ओबडधोबड शेरा मारला असता. याला तीन उपप्रश्न विचारता आले, कारण त्याचा अभ्यास झाला होता. माझ्या प्रश्नमंजूषेनेच करून घेतलेला.

नंतर मी त्याला बाजूला घेऊन बोलले. तो मनापासून गोंधळला. "मॅडम, मी तर इंटरेस्ट घेत होतो." आणि तो खोटं बोलत नव्हता. या प्रकाराची हीच तर अडचण आहे. लाजपतनगरची मारहाण ओळखायला शिक्षण लागत नाही. इथे कोणी कोणाला शिवी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता, विचारणाऱ्याच्या मनात द्वेषही नव्हता. त्याने आयुष्यात एकदाच विचारलेला प्रश्न तिला रिक्षावाला विचारतो, मेसच्या मावशी विचारतात, खोली दाखवणारा एजंट विचारतो आणि 'उग्र वासाचं काही शिजवणार नाही ना' म्हणत घरमालकीणही विचारते. विचारणारा विचारून मोकळा होतो. तिचा दिवस मात्र त्यातच जातो.

पण माझं मत फिरलं ते त्या मुलामुळे नव्हे. त्याच टेबलावर एक मुलगी होती, एरवी वर्गात कोणावर अन्याय झाला की तावातावाने उभी राहणारी. तिला मी विचारलं, तू का गप्प बसलीस? ती म्हणाली, "चुकीचं चाललंय हे कळत होतं, मॅडम. पण नेमकं काय बोलायचं तेच सुचलं नाही."

हे उत्तर मी घरी घेऊन गेले. हिला अजून एक भित्तिपत्रक देऊन काय होणार? हिला राजधान्या नको होत्या, हिला एक वाक्य हवं होतं. चारचौघांत, मैत्री न तोडता, भाषण न ठोकता, तोंडातून पटकन निघेल असं वाक्य. आणि अशी वाक्यं आयत्या वेळी सुचत नसतात. ती आधी तोंडात बसलेली असावी लागतात.

यावर एका सहकाऱ्याने सुचवलं, जेन इलियटचा तो प्रयोग करा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावी एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर लगेच, या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट केले आणि एका गटाला दिवसभर कमी लेखलं. मग उलट. प्रयोग जगभर गाजला. मला तो करावासा वाटला नाही. आमच्या वर्गात निम्म्या मुलांना कमी लेखलं जाणं म्हणजे काय, हे शिकवायला कृत्रिम गट पाडायची गरजच नव्हती. मी फक्त एवढंच म्हटलं: वरून साधा दिसणारा, पण तुम्हाला टोचणारा असा कोणता प्रश्न लोक विचारतात, तो चिठ्ठीवर लिहा. नाव घालू नका.

चिठ्ठ्या मी मोठ्याने वाचल्या. 'पूर्ण नाव सांग ना, आडनावासकट.' 'गाव कोणतं? गावात घर कुठल्या बाजूला?' 'रंग थोडा सावळा आहे, पण नाकीडोळी नीटस, काही लावतेस का चेहऱ्याला?' एका चिठ्ठीवर प्रश्न नव्हताच: आम्ही सुकट भाजली की शेजारच्या काकू धाडकन दार लावून घेतात. वर्ग हसला. मराठवाड्यातून आलेला, होस्टेलवर राहणारा एक मुलगा मात्र न हसता उभा राहिला आणि त्या मणिपूरच्या मुलीकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, आम्हाला आडनाव विचारतात ना, तसंच आहे ते. विचारणाऱ्याला माहिती नको असते. त्याला आपल्याला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवायचं असतं." इतक्या वर्षांत मला हे इतकं थोडक्यात सांगता आलं नव्हतं.

इथे एक धोकाही आहे. असा तास घेतला की प्रत्येकाला आपापलं दुःख आठवतं आणि जिच्यावरून विषय निघाला तिचं बाजूला पडतं. सुकटीच्या वासावरून दार लावून घेणं आणि चेहऱ्यावरून देशाबाहेरची ठरवणं, हे एका मापाचं नाही. मार्च २०२० मध्ये या मुलांना रस्त्यावर 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. ते अंगावर झेलायला सुकट पुरत नाही. आणि पुण्यात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांचं काय, हा प्रश्न कोणाच्याच चिठ्ठीत नव्हता. आमच्या वर्गात त्यांच्यापैकी कोणी नव्हतं, म्हणून तो कोणाला आठवलाही नाही. मलासुद्धा घरी गेल्यावर आठवला.

पुढच्या तासांना आम्ही वाक्यं शोधली. तिघातिघांचे गट, एकाने दुसऱ्याला टोचणारं बोलायचं, तिसऱ्याने मध्ये पडायचं. पहिल्यांदा सगळ्यांनी भाषणं केली. 'हा वंशभेद आहे, तुला लाज वाटली पाहिजे.' मुलांनीच ती बाद केली. असं बोललं की सगळे बोलणाऱ्यालाच धरतात, म्हणाली. टिकली ती छोटी वाक्यं. 'तिला का विचारतोस, गुगल कर ना.' 'त्याचा इथे काय संबंध?' सगळ्यांत चालला तो विनोदावरचा उतारा. चेहरा निर्विकार ठेवून विचारायचं, "म्हणजे? कळलं नाही, समजावून सांग." चेष्टा समजावून सांगायची वेळ आली की भलाभला टवाळ ढेपाळतो. ही युक्ती इतकी आवडली की पोरं ती माझ्यावरही वापरू लागली.

दुसरी गोष्ट मी उसनी आणली. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत मारामाऱ्या होत होत्या. तेव्हा इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा तर शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं. मी दख्खनच्या पठाराचा धडा असा वाटला. बेसॉल्टचे थर कसे साचले, हा तुकडा मुद्दाम मणिपूरच्या मुलीकडे दिला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याबद्दल ती सह्याद्रीत वाढलेल्या पोरांना समजावत होती, त्यांना परीक्षेसाठी ते हवं होतं, आणि त्या तासाभरात तिला कोणी मणिपूरबद्दल काही विचारलं नाही.

महोत्सव मी बंद केला. खरं तर तिनेच तो बंद केला. ती येऊन म्हणाली, मॅडम, मला दर वर्षी फनेक नेसून उभं करू नका. माझ्याकडे इथे फनेक नाहीसुद्धा, मैत्रिणीकडून आणावा लागतो. आणि मे २०२३ मध्ये मणिपुरात हिंसाचार सुरू झाल्यापासून लोक विचारतात की तू कुठल्या बाजूची, मैतेई की कुकी. वेश करून उभी राहिले की आणखी विचारतात. आपल्या राज्याची ओळख करून द्यायचं काम आम्ही या मुलांवर टाकलं होतं आणि त्याला सन्मान म्हणत होतो. जुलै २०२१ मध्ये मीराबाई चानूने टोकियोत रौप्यपदक जिंकलं, तेव्हा मिलिंद सोमणची पत्नी, आसामची अंकिता कोंवर हिने जाहीरपणे हेच म्हटलं होतं: पदक आणलं तर आम्ही भारतीय, नाहीतर चिनी, नेपाळी नाहीतर कोरोना. मी तेव्हा ते वाचलं होतं, पटलंही होतं, आणि त्या वर्षीच्या प्रश्नमंजूषेत मीराबाईवर प्रश्न घातला होता.

माझ्या या नव्या मताला स्टाफरूममध्ये विरोध आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. एक सर म्हणतात, तुम्ही मुलांना फक्त तोंडावर चांगलं वागायला शिकवताय, मनात आहे ते तसंच राहणार. असेल. पूर्वी मला मनं बदलायची होती. आता मी एवढ्यावर समाधान मानायला तयार आहे की कँटीनमध्ये सामोसा खाताना त्या मुलीला आपल्या आहाराची साक्ष द्यावी लागू नये. कोणाच्या मनात काय आहे, ते त्याचं त्याच्यापाशी. सरांना हे पटत नाही. त्यांच्या मते ही माघार आहे. कदाचित असेलही.

नकाशा अजून व्हरांड्यात आहे, तो काढायचं काही कारण नाही. सध्याचा वाद वेगळाच आहे. यूजीसीने रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून वंश, वर्ण, प्रादेशिक मूळ यांवरून होणारा छळही धरला आहे. तेव्हा प्राचार्य म्हणतात की तुमचा हा तास प्रथम वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात घ्या, रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र आणि वाहतूक पोलिसांचं व्याख्यान यांच्या मध्ये. मला तो तिथे नको आहे. सभागृहात पाचशे मुलांसमोर माइकवरून सांगितलेलं वाक्य कोणाच्या तोंडात बसत नाही. मला तो भूगोलाच्या नेहमीच्या तासाला हवा, तिसऱ्या आठवड्यात. तोवर गट पडलेले असतात, टोपणनावं ठरलेली असतात आणि कोणाची खेचायची हेही ठरलेलं असतं. अर्ज दिला आहे. वेळापत्रक समितीची बैठक जूनमध्ये आहे.