चाकांचा साज

खेड्यातील घरापुढे चारचाकी वाहन उभे राहिले, की त्याविषयीचे निर्णय एकट्या मालकाचे राहात नाहीत. आळीतील वडीलधारी मंडळी, शाळेतून परतणारी मुले, गॅरेजमधील मिस्त्री, सर्वांनाच त्यात मत असते. रंग कोणता, काचेवर नाव कोणते, बैठकीवर आवरण कसले, असे करता करता चर्चा चाकांपाशी येऊन ठेपते. चाके चंदेरी असावीत, काळी असावीत, की आरशासारखी लखलखावीत? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा. परंतु एका पावसाळ्याच्या तोंडावर तो आमच्यापुढे आला, तेव्हा त्यात एका कुटुंबाची मिळकत आणि कित्येकांचा जीव गुंतलेला असल्याचे आम्हांस दिसून आले.

खानापूर तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका तरुणाने कर्ज काढून, भाड्याचा रीतसर परवाना असलेली एक जुनी एसयूव्ही विकत घेतली. बेळगावची भाडी, लग्नसराईतील वऱ्हाडे, आणि अडल्या वेळी आजाऱ्याला इस्पितळात पोहोचविणे, असा त्याचा उद्योग. गाडीची अलॉयची चाके जागोजागी खरचटलेली होती. तो आम्हांस म्हणाला, “फादर, चाके जुनाट दिसली, की लग्नाची माणसे दुसरी गाडी ठरवतात. क्रोमच करून घेतो.” त्याची आई शेजारीच उभी होती. “आधी हप्ता भागू दे,” एवढेच ती माउली बोलली. दोघांचेही म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही जाणत्या कारागिरांना विचारले आणि या विषयाची थोडी माहिती करून घेतली.

मोटारीच्या चाकाला शोभेची वस्तू मानण्याची हौस बरीच जुनी आहे. बुगाटी या मोटारीला १९२४ साली ॲल्युमिनियमची ओतीव चाके बसविण्यात आली, ती मुख्यतः शर्यतीसाठी. आणि त्याच दशकाच्या अखेरीस मोटारींच्या भागांवर क्रोमचा मुलामा झळकू लागला. या मुलाम्याची गंमत अशी, की वरचे क्रोमियम बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. धातूचे खरे रक्षण करतो तो त्याखालचा निकेलचा थर. रस्त्यावरील खड्याने तो भेदला, की पाणी आत शिरते, आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात; चाक धुणाऱ्याचा हात त्या कापतात. शिवाय हा मुलामा चढविण्याच्या जुन्या पद्धतीत क्रोमियमचे जे संयुग वापरतात, ते कर्करोगास कारण ठरते. तेथे राबणाऱ्या मजुरांची पुरेशी काळजी घेतली जाते की नाही, हे आपण गिऱ्हाइकांनी विचारावयास नको काय?

दुसरा प्रकार आजकाल नव्या गाड्यांवर सर्रास दिसतो. चाकाचा दर्शनी भाग लेथवर तासून उघडा ॲल्युमिनियम चमकत ठेवतात, मधल्या खाचा काळ्या रंगवितात, आणि वरून पारदर्शक लाखेचा हात देतात. शोरूममध्ये असे चाक फार देखणे दिसते. परंतु एकदा का ते पदपथाच्या कडेला घासले, की त्या ओरखड्यातून ओल लाखेखाली शिरते, आणि वाळवीने लाकूड पोखरावे तशा पांढुरक्या वेड्यावाकड्या रेघा पसरत जातात. गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात हे लवकर घडते. दुरुस्तीसाठी पुन्हा लेथवर तासावे लागते; प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, म्हणून ही दुरुस्ती वारंवार करता येत नाही.

तिसरा प्रकार पावडर कोटिंगचा. जुना रंग पूर्ण काढून चाक साफ करतात. मग विजेचा भार दिलेली कोरडी पूड त्यावर फवारतात. ती धातूला चिकटून राहते, आणि भट्टीत सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळून तिचा एकसंध, चिवट लेप बनतो. चिखल, खडी आणि सततचा पाऊस यांना तो साध्या रंगापेक्षा अधिक काळ तोंड देतो. मात्र काम जाणत्या हातचे हवे. भट्टी प्रमाणाबाहेर तापली, तर अलॉयचे बळ कमी होते. आणि नट बसावयाच्या जागी लेप जाड राहिला, तर पुढे तो दबून नट सैल पडतात. म्हणून त्या जागा झाकून काम करावे, आणि चाके बसविल्यावर ५० ते १०० किलोमीटर जाताच नट पुन्हा योग्य तेवढे आवळून घ्यावेत.

हे सारे ऐकून त्या तरुणाने पावडर कोटिंग पसंत केले आणि स्टेपनीसह पाचही रिमा कारखान्यात दिल्या. जुना रंग निघाल्यावर एका रिमेच्या आतल्या बाजूस वेल्डिंगचा जोड आढळला, आणि जोडाशेजारी केसासारखा बारीक तडा. कोणीतरी भंगलेली रिम जोडून, वर छान रंग फासून गाडी विकली होती! वेल्डिंगच्या आचेने अलॉयची भोवतालची जागा दुबळी होते, हे कारागिराने त्याला समजावून सांगितले. चोर्ल्याच्या घाटात, भरल्या गाडीनिशी ती रिम भंगली असती तर काय झाले असते, या विचाराने त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. ती रिम त्याने भंगारात दिली. आणि पुन्हा कोणी ती रंगवून विकू नये, म्हणून समोर उभे राहून तिचे तुकडे करविले. नव्या रिमेच्या खर्चाने त्या महिन्याचा हप्ता ओढाताणीने भागला. पण त्या तुकडे करविण्यात आम्हांस त्याचा मोठेपणा दिसला. कारण भंगारवाल्याकडून अखंड रिमेचे दोन पैसे अधिक मिळाले असते.

रंग कोणता, हे मग फार वेळ न घेता ठरले. काळा रंग ब्रेकची भुकटी लपवितो, म्हणून तो सोयीचा वाटतो. मॅट काळ्यावर तर पॉलिशही चालत नाही, तुकतुकीत डाग पडतात. फिक्या चंदेरी रंगावर मळ दिसतो, हे खरे. परंतु दोषही दिसतो. नट सैल झाला, तर त्याच्याभोवती गंजाची तांबूस रेघ उमटते, आणि ती फिक्या रंगावर चटकन ध्यानात येते. ज्याच्या गाडीत परक्यांची लेकरे बसतात, त्याने दोष दाखविणारा रंगच घ्यावा. त्याने चंदेरी घेतला, आणि लग्नाची भाडीही त्याला मिळत आहेत.

ज्यांच्या गाडीला साधी लोखंडी चाके आहेत, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. ती वजनाने जड खरी. पण खड्ड्यात आपटल्यावर अलॉय तडकतो, तेथे लोखंड बहुधा वाकते. गंज खरवडून प्रायमर व चांगला रंग दिला, की ती वर्षानुवर्षे सेवा देतात. कोणतेही चाक तापलेले असताना त्यावर गार पाणी ओतू नये. फरशीचे ॲसिड तर मुळीच लावू नये. सौम्य साबण व मऊ फडके पुरे. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी, चाके कितीही चकाकत असली, तरी पैसे देण्यापूर्वी ती उतरवून आतल्या बाजूने जाणत्याकडून पाहून घ्यावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.