दाराची चिकटपट्टी

चिकटपट्टी ही मोठी गरीब वस्तू आहे. फाटलेली नोट जोडावी, मुलांच्या वह्यांना कव्हरे घालावीत, खोक्याचे तोंड बंद करावे, यापलीकडे तिच्याकडून कोणी अपेक्षा करीत नाही. पण अशाच एका तुकड्यापासून सुरू झालेल्या प्रकरणाने अमेरिकेच्या अध्यक्षाला खुर्ची सोडायला लावली, हे आठवले की घरातल्या खणातल्या त्या रिळाकडे मी जरा आदराने पाहतो.

गोष्ट वॉशिंग्टनची, १७ जून १९७२ च्या रात्रीची. तिथल्या वॉटरगेट नावाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाची मुख्य कचेरी होती. रात्रपाळीला फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा पहारेकरी होता. आठवड्याला सुमारे ८० डॉलर पगार. फेरी घालताना त्याला तळघरातल्या एका दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. दार लोटले तरी कुलूप लागू नये, ही युक्ती. असेल कुणा कामगाराचे काम, असे समजून त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीला पाहतो तो पुन्हा पट्टी! मग मात्र त्याने पोलिसांना फोन केला.

सहाव्या मजल्यावर पाच माणसे सापडली. हातांत रबरी मोजे, जवळ कॅमेरे, चोरून ऐकण्याची यंत्रे आणि शंभर-शंभर डॉलरच्या नोटा. त्यांतला जेम्स मॅकॉर्ड हा अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या फेरनिवडणूक समितीचा सुरक्षाप्रमुख निघाला.

माझ्या पिढीला निक्सन आठवतात ते १९७१ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागराकडे धाडलेल्या सातव्या आरमारामुळे. त्यामुळे त्यांची फजिती झाली, तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना मनातून गुदगुल्या झाल्या असतील. पण तो आनंद बाजूला ठेवून पाहिले, तर या प्रकरणात मला कोडे पडते ते वेगळेच.

या माणसाला ही चोरी हवी कशाला होती? त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पन्नासांपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. ही घरफोडी त्यांनी स्वतः सांगून करवली, असे आजवर सिद्धही झालेले नाही. पण तिच्यावर पांघरूण घालण्यात मात्र त्यांचा हात होता. अटकेनंतर सहाव्याच दिवशी, २३ जूनला, त्यांनी आपले सहायक हाल्डमन यांच्याशी बोलून बेत ठरवला : सी.आय.ए.ला पुढे करून एफ.बी.आय.चा तपास थांबवायचा. चोरांची तोंडे बंद ठेवायला पैसे पोहोचवले गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा हिशेब.

पण झाकायला माणसे फार लागतात हो! एकाने पैसे न्यायचे, दुसऱ्याने कागद फाडायचे, तिसऱ्याने शपथेवर खोटे बोलायचे. आणि उघड व्हायला मात्र त्यांतल्या एकाने झाकणे सोडले तरी पुरते. मॅकॉर्डने न्यायाधीश सिरिका यांना पत्र लिहिले. जुलै १९७३ मध्ये चौकशी समितीने अलेक्झांडर बटरफील्ड यांना सरळ प्रश्न विचारला आणि त्यांनी सरळ उत्तर दिले : होय, अध्यक्षांच्या कचेरीत बोललेला शब्द न् शब्द टेपवर घेतला जातो. ती यंत्रे खुद्द निक्सन यांनीच १९७१ मध्ये बसवून घेतली होती!

मग त्या फिती मिळवण्यासाठी वर्षभर झगडा चालला. एका फितीत साडेअठरा मिनिटे नुसतीच खरखर निघाली. अखेर २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य असा निकाल दिला : फिती द्या. निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीशांची नेमणूक निक्सन यांनीच केलेली होती. २३ जूनचे ते बोलणे जगाने वाचले आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी दोरीला पेन बांधलेली एक वही असते. रात्री उशिरा कोणी आले की पहारेकरी उठून त्यात वेळ टिपतो. एकदा शेजारचे गृहस्थ त्याच्यावर उखडले. "अरे, इथे राहणाऱ्यांना काय विचारतोस?" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, लिहायला ठेवलंय, म्हणून लिहितो." मला एकदम फ्रँक विल्स आठवला. त्यानेही आपल्या वहीत त्या रात्री दाराला पट्टी सापडल्याची आणि पोलिसांना बोलावल्याची नोंद केली होती. ना त्याला राजकारण करायचे होते, ना कोणाला पाडायचे होते. फेरी घालायला ठेवले होते, म्हणून त्याने फेरी घातली.

पुढे काय झाले, ते सांगताना जीभ अडखळते. ८ सप्टेंबर १९७४ रोजी नवे अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी दिली. या प्रकरणावर १९७६ मध्ये चित्रपट निघाला, त्यात विल्सने स्वतःचीच लहानशी भूमिका केली. पण नोकरी त्याला कुठे टिकून मिळाली नाही. बुटांचा एक स्वस्त जोड चोरल्याबद्दल १९८३ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा सुनावण्यात आली. त्याला माफी द्यायला कोणी अध्यक्ष आला नाही. २००० साली, बावन्नाव्या वर्षी, तो गरिबीतच वारला.

त्याच्या वहीचे ते पान मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवले आहे.

दिवाळी आली की आपण पहारेकऱ्याला पोस्त देतो. ती द्यावीच. पण वर्षभर रात्री-बेरात्री तो वही पुढे करतो, तेव्हा न कुरकुरता आपले नाव आणि वेळ नीट अक्षरात लिहावी, असे मला वाटते. त्याच्या जागेपणाची कदर करायची, तर ती दिवाळीची वाट न पाहताही करता येते.